बाणावर काय लिहिलंस?

काल तुझ्या शाळेत मी काही बोलले नाही. पालक होते, केंद्रप्रमुख होते, मुलं बघत होती. मुलांच्या देखत त्यांच्या शिक्षकाला बोलणं माझ्या शिस्तीत बसत नाही, म्हणून लिहिते आहे. हे उभ्या उभ्या वाचू नकोस. बसून वाच, आणि मध्येच ‘पण बाई’ म्हणू नकोस. सातवीत असताना फार म्हणायचास.

आठवीच्या वर्गाच्या चारही भिंती तू तक्त्यांनी भरल्या होत्यास. मनोनकाशे, संकल्पनाचित्रं, ओघतक्ते, वेनच्या आकृत्या. रंग सुरेख, अक्षर वळणदार. पाहुणे फोटो काढत होते. मी कपाटावरचा वह्यांचा गठ्ठा मागून घेतला आणि खिडकीपाशी बसले. अडतीस वह्या. ‘पाण्याचे उपयोग’ या मथळ्याखाली अडतीस वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाला आठ पाय, पायांच्या टोकाला तेच आठ शब्द, त्याच क्रमानं. ‘जलसिंचन’मधला अनुस्वार अडतीसही वह्यांत गळलेला. फळ्यावर तो तुझ्या हातून गळला, मुलांनी इमानानं तसाच उतरवला आणि तू अडतीस वेळा लाल शाईनं बरोबरची खूण केलीस. मक्षिकास्थाने मक्षिका. इतिहासाची पानं उलटली, विज्ञानाची उलटली, तिथंही हेच.

आपण वर्षानुवर्षं तक्रार केली की मुलं परिच्छेदच्या परिच्छेद घोकतात. तू आता त्यांना वर्तुळं घोकायला लावलीस. परिच्छेद घोकणाऱ्या पोराच्या तोंडी निदान पूर्ण वाक्य तरी बसायचं. कर्ता असायचा, क्रियापद असायचं. तुझ्या आकृतीत नुसती नामं लटकली आहेत. ‘पाणी’ आणि ‘वीज’ यांच्यामध्ये एक रेघ आहे. ती रेघ काय म्हणते, सांग मला. पाण्यापासून वीज होते, असं म्हणते का? मग टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचं काय? तिथं वीज पाण्याला वर चढवते. पंप बंद पडले की आटपाडीच्या आणि जतच्या रानात पाणी पोचत नाही. म्हणजे बाण दोन्हीकडून हवा. आणि कोयनेच्या विजेचा बाण काढायचा, तर धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात उतरतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे समुद्राला जातं. ते कृष्णेला परत येत नाही. शेतीला जास्त द्यायचं की विजेला, हा आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतला जुना आणि जिवंत प्रश्न त्या एका रेघेत बसला आहे. तुझ्या अडतीस मुलांनी पट्टीनं ती रेघ सरळ मारली आणि पुढच्या पायाकडे वळली.

रेघेवर क्रियापद लिही, असं मी तुला तुझ्या पहिल्या नोकरीच्या वर्षी सांगितलं होतं. ही माझी लहर नव्हे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांच्या विज्ञानातल्या कल्पना कशा बदलत जातात याचा अभ्यास करत होते. मुलाखतींचे ढीग साठले. मुलाच्या डोक्यात नेमकं काय बदललं, ते त्या ढिगातून हाती लागेना. 1972 मध्ये त्या अडचणीतून संकल्पनाचित्र निघालं. दोन संकल्पनांमधल्या रेघेवर जोडणारे शब्द लिहायचे, म्हणजे ती जोडी वाचली की एक विधान होतं, आणि विधान बरोबर की चूक हे तपासता येतं. मुलाच्या डोक्यातलं मोठ्यांना दिसावं, यासाठी ते साधन जन्माला आलं. तू ते उलटं फिरवलंस. गाईडमधलं मुलाच्या वहीत ओतायला वापरलंस. कोरी रेघ कधी चुकत नाही. म्हणूनच ती तुला आणि मुलांना दोघांनाही सोयीची वाटते.

तू म्हणशील, बोर्डाच्या कृतिपत्रिकेत हेच विचारतात. आकृती पूर्ण करा, ओघतक्ता पूर्ण करा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, दोन दोन गुण. मला ठाऊक आहे, मीही ते पेपर तपासले आहेत. तिथं चौकट दुसऱ्यानं आखलेली असते आणि मूल उताऱ्यातला शब्द शोधून तिच्यात बसवतं. गाळलेल्या जागा भरा या जुन्याच प्रश्नाला गोल अंगरखा घातलेला आहे. तो प्रश्न वाईट नाही, परीक्षेपुरता चालतो. पण परीक्षेत ज्याचे दोन गुण आहेत, तेवढ्यावर तू वर्षभराचं शिकवणं बेतलंस, हा दोष बोर्डाच्या माथी मारू नकोस. जो मुलगा स्वतः चौकट आखायला शिकला, त्याला दुसऱ्यानं आखलेली चौकट भरायला किती वेळ लागणार आहे?

तुला साताऱ्याजवळचं कुमठे बीट आठवत असेल. जिल्हा परिषदेच्या साध्या शाळा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून काढून वर्गाच्या फरशीवर आणला. मुलं जमिनीवर, फरशीवर आखलेल्या आकृत्या, हातात मणी, काड्या, खडे. दहा काड्यांचा जुडगा सोडल्याशिवाय 32 मधून 15 जात नाहीत, हे मुलाच्या बोटांना आधी कळायचं आणि वहीला नंतर. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमाराला राज्यभरातून शिक्षकांची तिथं रीघ लागली होती. बघून गेलेल्यांपैकी ज्यांनी काम समजून घेतलं, त्यांच्या मुलांचं कल्याण झालं. पण बऱ्याच जणांनी फक्त रंग नेला. एका शाळेत मी अशी संख्यारेषा पाहिली आहे: शून्यापासून शंभरापर्यंत, तैलरंगात, ठसठशीत, आणि तिच्यावर बाकं मांडलेली. 40 पासून 70 पर्यंतचे आकडे बाकांच्या पायांखाली. तपासणीच्या दिवशी बाकं सरकवायची, एवढंच तिचं काम. काल तुझ्या भिंतींकडे बघताना मला ती फरशी आठवत होती. मला ते आठवावं याचं फार वाईट वाटलं, कारण तू रंग नेणाऱ्यांतला नव्हतास.

आता विषयावर येते. तुझी साधनं वाईट नाहीत. ती तू विषयाला न विचारता वापरलीस, हे माझं म्हणणं आहे. ‘नदीचा संगम’ या धड्याला इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती लावली आहेस, गाईडात असते तशी. तुझ्या शाळेपासून तासाभरावर कऱ्हाड आहे. प्रीतिसंगमावर कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना तिच्या समोरून येते, दोघी एकमेकींना समोरासमोर भिडतात आणि मग मिळून पूर्वेकडे वळतात. तिथं टी अक्षर होतं. यातली किती मुलं त्या घाटावर उभी राहिली आहेत? विचारलंस का? डोळ्यांनी टी पाहिलेल्या मुलाला तू वहीत वाय काढायला लावलास, आणि त्यानं तो काढला. डोळ्यांपेक्षा फळा खरा, हा धडा तू त्या दिवशी शिकवलास. मला यापेक्षा मोठी हानी दिसत नाही.

पर्जन्यछायेचंही तसंच. व्याख्या चौकटीत, चौकटीला ढगाची नक्षी. अरे, एक आडवा छेद काढायला लाव. डावीकडे समुद्र, मग कोकणाची पट्टी, मग उभा घाट, वर महाबळेश्वर, मग उतरत उतरत कोरेगाव, खटाव, दहिवडी. त्या छेदावर प्रत्येक गावी पावसाचा स्तंभ उभा करायचा. महाबळेश्वरचा जवळजवळ सहा हजार मिलिमीटरचा, दहिवडीचा पाचशेच्या आसपासचा. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात, सरळ रेषेत अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. स्तंभ काढताना मुलाला कागद पुरणार नाही, तो प्रमाण बदलायला तुझ्याकडे येईल, आणि मग विचारेल की ढग तिथंच का रिकामे होतात. तिथं बाण काढायचे. वर चढणाऱ्या वाऱ्यावर लिहायचं ‘थंड होतो’, पलीकडे उतरणाऱ्यावर लिहायचं ‘तापतो, कोरडा होतो’. माणच्या मेंढपाळाचं पोर तुझ्या वर्गात असेल तर त्याला विचार, तुमचा कळप दिवाळीनंतर गाव का सोडतो. तो बाण त्याला काढू दे.

2016 साली पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या वेळी कोरेगाव तालुक्यातल्या गावकऱ्यांनी डोंगरउतारावर सारख्या उंचीच्या रेषा शोधून समतल चर खोदले. आईबापांनी कुदळीनं जमिनीवर समोच्च रेषा काढल्या, आणि त्यांच्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकात ती रेषा ओळखता येत नाही. हे मी पाहिलं आहे. दोष मुलांचा नाही.

इतिहासाची कालरेषा बघून तर मी वही मिटली. 1818, 1839, 1848, 1919, सगळ्या चौकटी दोन दोन इंचांवर. 1839 ते 1848 नऊ वर्षं, 1848 ते 1919 एकाहत्तर वर्षं, आणि दोन्ही अंतरं एकाच मापाची? मग ती रेषा कशाला, यादी कर. कालरेषेला प्रमाण असतं. एका वर्षाला पाच सेंटिमीटर धर, वर्गात दोरी बांध, आणि मुलांना चिठ्ठ्या टाचू दे. प्रतापसिंह महाराज गादीवरून दूर झाले ते 1839. साताऱ्याचं राज्य खालसा झालं ते 1848. पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तीही 1848, आणि तिथं शिकवणाऱ्या सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्याच नायगावच्या. एकाच टाचणीखाली दोन चिठ्ठ्या येतात. राज्य संपलं आणि शाळा उघडली, एकाच वर्षी. मुलं थांबतील तिथं. मग दोरीवर चालत पुढं जायचं: 1900 च्या नोव्हेंबरात भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. मधली मोकळी दोरी किती लांब आहे, हे पायांना कळू दे. त्या मोकळ्या दोरीवर मुलं विचारतील की मग इतकी वर्षं आमच्या पणज्याला शाळा का नव्हती. त्याचं उत्तर एका चौकटीत बसणार नाही, आणि बसवूही नकोस.

गणितात तू आकृत्या वापरल्याच नाहीस. का? गणिताला वर्तुळाचे पाय जोडता आले नाहीत म्हणून? मधल्या सुट्टीत मी तुझ्या पाच मुलांना एक उदाहरण घातलं. समजा 100 किलो द्राक्षं आहेत, त्यांत 80 टक्के पाणी. वाळवून बेदाणा केला, त्यात 20 टक्के पाणी राहिलं. बेदाणा किती? पाचही जणांनी 80 मधून 20 वजा केले, 60 किलो पाणी गेलं म्हणाले आणि उत्तर दिलं 40 किलो. त्यातल्या एकाच्या मामाची तासगावला बेदाण्याची शेड आहे. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे ते पोर घरात बोलण्यातून ऐकत आलं आहे. मी विचारलं, मामाचा हिशेब काय? तो लगेच म्हणाला, शंभराचे पंचवीस. मग वहीत चाळीस कसे? तो गप्प.

मी जमिनीवर खडूनं दोन पट्ट्या काढल्या. वरच्या पट्टीचे पाच भाग, चार पाण्याचे, एक गराचा. गर 20 किलो. खालची पट्टी बेदाण्याची. गर वाळून उडून जातो का? नाही. मग तो खालीही 20 किलोच. पण खालच्या पट्टीत पाणी पाचातला एक भाग, म्हणजे हे 20 किलो चार भागांत आले. एक भाग पाच किलो, अख्खी पट्टी पंचवीस. त्या मुलाचा चेहरा तू बघायला हवा होतास. तू तेव्हा पाहुण्यांना तक्ते दाखवत होतास. घरचा हिशेब आणि शाळेचा हिशेब एकच आहे, हे त्याला खडूच्या दोन पट्ट्यांनी सांगितलं. रंग लागला नाही, चकचकीत कागद लागला नाही.

विज्ञानाचं थोडक्यात सांगते. धान्य साठवणुकीच्या धड्याला तू कुठल्याशा परदेशी कोठाराचं छापील चित्र चिकटवलं आहेस. सांगलीच्या अंगाला हरिपूर आहे. तिथली हळदीची पेवं ऐकून तरी माहीत असतील. जमिनीच्या पोटात, तोंड अरुंद, पोट मोठं, वरून बंद. ते पेव उभं कापल्यासारखं काढायला लाव, आणि आत हवा कोंडल्यावर किड्याचं काय होतं, ओल आली तर हळदीचं काय होतं, हे बाणांनी दाखवायला सांग. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, ते कुठून शिरलं असेल, हेही त्याच आकृतीत विचार.

कवितेवर मात्र आकृत्या मला फारशा आवडत नाहीत, स्पष्ट सांगते. कविता आधी मोठ्यानं वाचायची असते. मुलांच्या वहीत कवितेचे चार शब्द चार चौकोनांत डांबले आहेत आणि कविता एकदाही म्हणून घेतलेली दिसत नाही. सगळ्याचीच आकृती करायची नसते. कुठं काढायची आणि कुठं पेन्सिल खाली ठेवायची, हे ज्याला कळत नाही त्यानं साधनांची नावं कितीही पाठ केली तरी काय उपयोग?

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती.

त्या गठ्ठ्यात एका मुलीची वही होती. पुढच्या पानांवर तुझं आठ पायांचं वर्तुळ, नीटस, बाकीच्यांसारखं. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं काढलेलं एक चित्र. घराच्या पायऱ्या, सात. काही पायऱ्यांशी वार लिहिलेले. सोमवार दुसरी, मंगळवार चौथी, बुधवार दार. डावीकडे उभी पट्टी, तिच्यावर आकडे, खाली ‘आयर्विन’ असं सांगलीच्या पुलाचं नाव लिहिलेलं. पट्टीच्या वरच्या टोकाला 57. पायऱ्या आणि पट्टी यांच्यामध्ये तिनं आडव्या रेघा ओढल्या होत्या. पुलावर एवढे फूट झाले की आमच्या या पायरीला पाणी लागतं. 2019 च्या ऑगस्टातल्या पुरात ती सात-आठ वर्षांची असेल. तिच्या घरात त्या आठवड्यात दर तासाला कुणीतरी विचारत असणार, आयर्विनला किती झालं? तिनं ते कुणी न सांगता मांडलं. दोन मापं एका आकृतीत जोडली. पुलाच्या पट्टीवरून आपल्या दारातलं पाणी ओळखण्याचं साधन तिनं स्वतः तयार केलं. पाटबंधारे खात्यातली शिकलेली माणसं पूरपातळीचे तक्ते करतात, त्याच जातीचं काम आहे ते. एका कोपऱ्यात तिनं बाणही काढले होते. ‘कोयना सोडली’ इथून ‘आयर्विन’कडे एक ठळक बाण. हरिपूरकडून, वारणेचं पाणी मिळतं तिथून, दुसरा. आणि ‘अलमट्टी’ धरणाकडून तिसरा, तुटक रेघांचा, त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह. ज्याबद्दल मोठी माणसं भांडतात आणि आपल्याला खात्री नाही, त्याची रेघ तुटक काढायची, हे तिला कुणी शिकवलं? मी तरी तुला शिकवलं नव्हतं.

त्या पानावर तू लाल शाईनं तिरकी रेघ मारली आहेस आणि खाली लिहिलं आहेस, ‘वहीत रेघोट्या मारू नयेत.’

अडतीस वह्यांत विचार करून काढलेली ती एकच आकृती होती, आणि खोडलेलीही तीच एक. तुझ्या हाताखाली वर्गात विचार उमलला आणि तुला तो घाण वाटला. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे. कामाचा ताण मला कळतो. वह्या तपासायच्या, माहिती भरायची, रोज नवा परिपत्रकाचा कागद. पण ती रेघ मारायला तुला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वेळात ‘हे काय आहे गं?’ एवढं विचारता आलं असतं.

सोमवारी मी पहिल्या तासाला येते आहे. भिंतीवरचे तक्ते शनिवारीच उतरव, सगळे. मुलांना प्रत्येकी दोन कोरे कागद आणि पेन्सिल, रंग नकोत, पट्टी नको. फळ्यावर आधी काही काढायचं नाही. ‘आपल्या गावात पूर का येतो’ एवढंच लिहायचं आणि बाजूला व्हायचं. पहिला कागद चुकेल. चुकू दे, त्यावर खूण करू नकोस. मूल जवळ बोलाव आणि बाणावर बोट ठेवून वाचून दाखवायला सांग. वाचताना अडखळलं की त्याचं त्यालाच कळेल कुठं रेघ खोटी आहे. मग दुसरा कागद. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून तू बघ, आणि महिन्यानं तिसरा काढायला लाव. एका तासात एवढंच होईल. अभ्यासक्रम मागं पडेल म्हणून घाबरू नकोस, त्याची जबाबदारी मी तुझ्या मुख्याध्यापकांशी बोलून घेतली आहे.

त्या मुलीची वही मी न विचारता पिशवीत घालून आणली आहे. सोमवारी ती मी तिच्या हातात देईन, आणि तू माझ्या शेजारी उभा राहून ते शेवटचं पान तिला समजावून सांगायला सांगशील.